आतल्या बाजूची कड

५ जानेवारी, सोमवार

सगळ्यात आधी शालूच टपकली. माझी धाकटी जाऊ. बोरिवलीहून निघून, बस बदलून, भांडुपला आमच्या सहाव्या मजल्यावर साडेनऊला हजर. आणि चौथ्या मजल्यावरच्या देसाईबाई बाराला! शेजारणीला लांब पडतं, जावेला जवळ. मागून बाळा भावोजी, पिशवी सांभाळत. पिशवीत गावचा नारळ आणि खाजा. नवस फेडला म्हणे काल. गावच्या राखणदाराला कोंबडा दिला, पुतण्याच्या हस्ते. भावोजींच्या फोनवर फोटोही आलाय. कोंबडा चांगला तगडा होता. जिवंतपणीचा फोटो.

नवस भावोजींनीच बोललेला, मला न विचारता. वयनीची गाठ सुखरूप निघांदे, तुका कोंबो देतंय. तर गाठ तेवीस डिसेंबरला निघाली. डावीकडची, आवळ्याएवढी. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन घरच्यांना म्हणाल्या, गाठ निघाली, काखेतलंही चांगलं दिसतंय. झालं, एवढ्यावर गावाला फोन. अहो अजून रिपोर्ट यायचाय, तो उद्या! मी भावोजींना म्हटलं, ब्लाउज शिवून झाला तरी बाईने घालून बघितल्याशिवाय मी हुक लावत नाही. तर शालू म्हणते, "गप ऱ्हव गो वयनी. देवाक थांबवन ठेवूचा नसता."

खाजा छान होता. आल्याचा.

ही माझी मापाची वही. सूनबाईने, वैशालीने, नवी फुलाफुलांची आणून दिलेली, म्हणाली आई मनात येईल ते लिहा, बरं वाटतं. एवढ्या चांगल्या वहीत माझं अक्षर घालायचं जिवावर आलं. चौथी पास मी. म्हणून इथेच लिहिते. मागच्या पानावर सावंतबाई छाती ३८ कंबर ३४ बाही ९, आणि या पानावर माझा कॅन्सर. सावंतबाईंनी बघितलं तर ब्लाउज परत नेतील.

मुख्य राहिलंच. ओवी आज पालथी झाली!! माझ्यासमोर. बापाने नाही बघितलं, आईने नाही बघितलं, मी बघितलं. चार महिन्यांची आमची नात, नितीन-वैशालीच्या लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आलेली. पालथी झाली आणि स्वतःच दचकली, की हे घर उलटं कसं झालं. मग हसली. एक हुंदका नाही. माझ्यावर गेलीय.

६ जानेवारी, मंगळवार

कड साफ नाही.

एवढं लिहून चहा करून आले. आता नीट लिहिते.

मी, हे आणि नितीन गेलो होतो. नितीनने रिपोर्ट आधीच फोनवर बघितलेला. रिक्षात मला म्हणतो, आई, थोडंसं काहीतरी राहिलंय. थोडंसं काहीतरी म्हणजे काय, मीठ?

डॉक्टरीणबाई आमच्या वैशालीच्या वयाच्या. कागदावर गोल काढला, गोलाच्या पोटात ठिपका. म्हणाल्या, आजी, ही गाठ आणि हा आम्ही काढलेला तुकडा. गाठीच्या भोवती सगळीकडून चांगल्या मांसाची कड यायला पाहिजे. पाच बाजूंनी आलीय. एका बाजूला रोग अगदी काठापर्यंत दिसतोय. आतल्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाकडे. म्हणजे तिथे अंगात थोडा उरला असू शकतो.

हे कळलं मला. आंब्याचा डाग काढताना आपण नाही का भोवतालचा चांगलाही थोडा काढत. पण मला भलतीच शंका. मी म्हटलं, बाई, तुकडा एकदा अंगातून काढून डब्यात टाकला की तो गोलच. त्याची आतली बाजू कुठली नि वरची कुठली, लॅबवाल्याला कळलं कसं? नितीन माझ्याकडे असा बघतोय की आईने घालवली इज्जत. तर डॉक्टरीणबाई पेन ठेवून हसल्या. म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी दोरे ठेवते आजी. आखूड दोरा वर, गळ्याकडे. लांब दोरा काखेकडे. मग लॅबमध्ये एकेका बाजूला वेगळा रंग लावतात.

कच्चे टाके! बाईने मला कच्चे टाके घातलेत! मीही तेच करते, कापड कापलं की डावी बाजू उजवी बाजू कळावी म्हणून. चाळीस वर्षं तेच केलं. मला एकदम हायसं वाटलं. काम माहितीतल्या माणसाकडे आहे.

आता दोन रस्ते. एक, परत ऑप्रेशन, त्याच व्रणातून, फक्त त्या बाजूची आणखी थोडी कड काढायची, आणि मग शेक, म्हणजे मशीनची किरणं. दोन, डावी बाजू पूर्णच काढायची. मी विचारलं, कशात जास्त जगेन? म्हणाल्या, तुमच्या बाबतीत दोन्हीत तेवढंच. पण आजी, पहिला रस्ता घेतला आणि दुसऱ्यांदाही कड साफ आली नाही, तर मग पूर्ण काढण्याचं बोलावं लागेल. घरी विचार करा. पुढच्या मंगळवारी सांगा.

येताना रिक्षात मी मधे. मीच म्हटलं, तो कोंबडा फुकट गेला बिचारा. ह्यांना हसू आलं, नितीनला रडू. दोघांनी दोन बाजूंना तोंडं केली.

८ जानेवारी, गुरुवार

भांडुपहून बोरिवलीला बस दीड तास घेते. बातमी दीड मिनिट.

सकाळपासून फोन. पहिला शालूचा. "वयनी, माझां ऐक. सगळांच काढून टाक. ह्या वयात काय करूचा आसा तेचा?" मग पुतणीचा. मग नितीनच्या ऑफिसातल्या कुणाच्या बायकोचा, जिला मी ओळखतही नाही. सगळ्यांचं पालुपद एकच. या वयात ठेवून काय करायचंय.

या वयात! चौसष्ट पूर्ण. मी पुतणीला विचारलं, मग या वयात कान तरी कशाला ठेवायचे? तुमचे फोन ऐकायला? आधी ते काढू. तिने फोन वैशालीकडे द्यायला सांगितलं.

चाळीस वर्षं बायकांची मापं घेतली मी. दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई अजून बघायची आहे. कुणाची डावी खाली, कुणाची उजवी भरलेली. बाई ओशाळते, मी काही बोलत नाही, एका कटोरीला टक्स जरा जास्त घेते. घालून बाई आरशात बघते आणि सरळ उभी राहते. तो पाठीचा कणा सरळ होतो ना, तो मी शिवते. आणि एक बाई आहे आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिची एक बाजू नाहीच. अकरा वर्षं झाली. ब्लाउजला आतून खिसा शिवून देते मी, त्यात ती गादी बसवते. झकास चालते. कुणाला पत्ता नाही, ह्यांना पण नाही. नाव इथे पण लिहीत नाही.

म्हणजे भीती काढून टाकायची नाहीये. गरज असली तर काढू, खिसा मला शिवता येतो. पण गरज डॉक्टरीणबाई सांगेल. शालू नाही.

आणि एक. हे वहीलाच. नितीनला डाव्या बाजूला पाजलं मी. उजव्या बाजूला जवळजवळ नाहीच. कारण उजवा हात मशीनच्या चाकावर, पाय पायडलवर, आणि हा डाव्या मांडीवर. लग्नसराईत सोळा-सोळा ब्लाउज असे शिवले. मशीन चालू असलं की झोपायचा, थांबलं की रडायचा. आता ओवी पण तिथेच डोकं टेकते. तिला काय कळतंय म्हणा. पण टेकते.

११ जानेवारी, रविवार

आज देवाशी व्हिडिओ कॉल झाला. खोटं नाही.

शालू आणि भावोजी दहालाच. दोघांची तोंडं पडलेली. भावोजी म्हणतात, "नवस आधी फेडलो, ता चुकलां. काम पुरा नाय झालां आणि आपण देवाक सांगितलां की झालां. देवाक खोटां पाडलां आपण." म्हणजे आता दुसऱ्या ऑप्रेशनआधी गावी जाऊन माफी मागायची, कौल घ्यायचा, देवाने हो म्हटलं तर ऑप्रेशन. मी म्हटलं, मला दीड महिना हात वर करायचा नाही, कोकणात कुठे धाडता मला? तेव्हा व्हिडिओ कॉल ठरला.

गुरवाने फोन देवळात कुणाच्या तरी हातात दिला. देवाला ओल्या पाकळ्या लावल्या, उजव्या आणि डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं सुरू. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां मुंबयत ऱ्हवतत..." इकडे भावोजी आणि शालू सोफ्यावर हात जोडून, "व्हय म्हाराजा!" ओवी वैशालीच्या कडेवर, तिला ते व्हय म्हाराजा एवढं आवडलं की दर वेळी खिदळायची. मी पण खिदळले. शालूने चिमटा काढला.

गाऱ्हाणं संपलं. सगळ्यांची डोकी फोनवर. देवाची मूर्ती, पाकळ्या, आणि एक डावीकडची पाकळी जरा हलल्यासारखी... आणि चित्र थांबलं. तसंच. गुरवाचं तोंड उघडं, पाकळी अर्धी सुटलेली. गोल गोल फिरतंय नुसतं. भावोजी फोन हलवताहेत जशी काही औषधाची बाटली. खिडकीत नेला, गॅलरीत नेला. नाही ते नाही.

पाऊण तासाने गुरवाचा साधा फोन. म्हणतो, मोबाईलवालो दारात रेंज बघूक गेलो आणि वाऱ्यान दोन्ही पाकळ्यो एकदम पडल्यो. कौल धरूचो नाय. परत अमावास्येनंतर.

भावोजींचा चेहरा बघवेना. चांगला माणूस आहे हो. माझ्यासाठीच सगळं. पण मी म्हटलं, भावोजी, देवाने हो नाही म्हटलं, नाही पण नाही म्हटलं. त्याचं म्हणणं एवढंच, वयनीला विचारा. त्यावर शालू, "वयनीक इचारून ह्या घरात कधी कायव बरां झालां?"

जेवायला बांगड्याचं तिखलं. सगळ्यांनी दोनदा भात घेतला. रागावून.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

भोगीची भाजी सकाळीच केली, तिळाची भाकरी वैशालीने थापली. माझा हात अजून पुरा उठत नाही. मग हॉस्पिटल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय ठरलं? नितीनने तोंड उघडलं तर त्यांनी हात केला, आजींना विचारतेय. मी म्हटलं, कड काढा. एक बाजू उसवली म्हणून मी अख्खा ब्लाउज फेकून देत नाही. पण तुम्हाला वाटत असेल की धोका आहे, तर आत्ता सांगा, मी ऐकेन. म्हणाल्या, मला वाटत असतं तर मी दोन रस्ते सांगितलेच नसते.

मग ह्यांच्याकडे वळल्या. आजोबा, तुमचं मत? हे म्हणजे गिरणीत अर्धं आयुष्य साच्यांच्या आवाजात गेलेलं, बोलायची सवय राहिली नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिचं अंग आहे. घरातल्या पडद्याचा रंग पण ती मला विचारत नाही. हे कुठून विचारणार?" आणि मग माझ्याकडे न बघता, "पण तिला जास्त दुखेल असं काही करू नका."

बेचाळीस वर्षं लग्नाला. एवढं लांब वाक्य दुसऱ्यांदा.

तारीख वीस, मंगळवार. मी म्हटलं चालेल, अठराला माझ्या नातीचं बोरनहाण आहे, त्याआधी दिली असती तर आले नसते.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. तिळगूळ झाले. आज दिवसभर ओवीचं काळं झबलं शिवलं. काळ्या मऊ कापडावर पांढरे ठिपके, गळ्याला घोळ, बाह्या फुग्याच्या. वैशाली म्हणत होती ऑनलाइन मागवू. मी जिवंत असताना? डाव्या हाताने कापड नुसतं धरायचं, उजव्याने चाक. हळूहळू. मशीन सुरू झालं आणि ओवी झोपली! मशीनच्या आवाजाने, बापासारखीच! मी टीप संपली तरी उगाच चाक फिरवत बसले, सुईत दोरा नव्हता.

हलव्याचे दागिने देसाईबाई करताहेत. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा. देसाईबाईंचा हात म्हणजे सोन्याचा.

१८ जानेवारी, रविवार

झालं बोरनहाण. दमले, पण आज लिहिणारच.

वीसेक बायका, आठ पोरं. ओवी मधे पाटावर, वैशालीच्या मांडीवर, काळं झबलं, हलव्याचा मुकुट. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या. मुलं तुटून पडली. ओवीने एक चुरमुरा पकडला आणि त्याच्याकडे असं बघितलं की जसं काही जगात पहिला चुरमुरा हाच. मुकुट तिने चाटून अर्धा केला.

आता दुसरं. हळदीकुंकू देता देता स्वैपाकघरात शालू वैशालीला हळूच सांगत होती, "बाळाक वयनीच्या छातीकडे जास्त धरू नको गो. काय सांगूचा, रोग तो रोग." मी दारात, हातात वाणाचे डबे. वैशालीने येऊन माझ्या हातातले डबे काढून घेतले. ओवीला घेऊन आली आणि सरळ माझ्या उजव्या हातावर ठेवली. डोकं डावीकडे. मग परत शालूकडे गेली आणि म्हणाली, "काकी, चहात साखर किती?" सून अशी पाहिजे. मी निवडलेली नाही, नितीनने निवडली, तेवढी एक अक्कल त्याला होती.

पण शालू ती शालू. बाहेर येऊन सगळ्या बायकांत, मोठ्याने, "तुम्ही तरी सांगा हिका. डॉक्टर सगळां काढूक तयार आसा, ही म्हणता थोडाच काढा. ह्या वयात कसली हौस?" बायका हातातल्या वाणाकडे बघायला लागल्या. माझं तोंड उघडलेलंच होतं, पण माझ्याआधी देसाईबाई बोलल्या. ओवीचा अर्धा चाटलेला मुकुट पुसत पुसत.

"मी काढलंय हो. उजवीकडचं. अकरा वर्षं झाली."

कुणाला कळेना काय म्हणताहेत. देसाईबाई शाळेत शिकवायच्या, तसंच बोलल्या, फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या. "माझ्या गाठी दोन होत्या, लांब लांब. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं पूर्ण काढावं लागेल, मी काढलं. मला पश्चात्ताप नाही. हिच्या डॉक्टरांनी सांगितलंय दोन्ही चालेल, ही ठरवतेय. हिलाही पश्चात्ताप होऊ नये. आणि शालूताई, माझे ब्लाउज हीच शिवते. आज तुम्ही मला दोनदा म्हणालात की फिटिंग किती छान आहे. म्हणालात की नाही?"

शालू म्हणाली, "म्हटलां." एवढंच.

मग पाटकरांची सून उठली, देसाईबाईंना कुंकू लावलं, आणि त्यांच्याजवळ बसली. तिला काहीतरी विचारायचं होतं वाटतं. दोघी गॅलरीत गेल्या.

अकरा वर्षं मी हे पोटात ठेवलं, वहीतही नाव घातलं नाही, आणि बाईने चुरमुऱ्यांच्या ढिगात सगळ्यांसमोर सांगितलं. मी म्हटलं, देसाईबाई, असं का हो केलंत? म्हणाल्या, कंटाळा आला होता लपवायचा. आणि मुकुट ओवीने खाल्ला, दुसरं काय देणार होते तिला.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी सहापासून उपाशी. पाणी पण नाही. नर्स कागद घेऊन आली, आजी अंगठा देणार का? मी म्हटलं सही. चौथी पास आहे. पण आधी वाचून दाखव, सगळं, एक ओळ सोडायची नाही. वैशालीने मराठीत करून वाचलं, चार पानं. नर्स घड्याळ बघत उभी. मग सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट, रेघेच्या वर.

डॉक्टरीणबाई भेटल्या. मी म्हटलं, दोरा विसरू नका. म्हणाल्या, या वेळी नवी कड असेल तिथे ठेवते, चालेल? मी म्हटलं, चालेल, पण गाठ पक्की मारा.

नेताहेत. वही वैशालीकडे

२२ जानेवारी, गुरुवार

काल घरी. दुखतंय. पहिल्यापेक्षा जास्त. ज्या जागी एकदा उसवलं तिथे परत शिवलं की कापड ओढ घेतंच.

ह्यांनी पेज केली. खारट. दोन वाट्या प्याले.

२४ जानेवारी, शनिवार

आज बरं. ओवीला उचलायची मनाई, म्हणून मी पलंगावर आणि ती शेजारी उशीवर, दोघी आडव्या. तिने माझं नाक धरलं अर्धा तास.

पट्टी बदलताना आरशात बघितलं. मागच्या वेळी नव्हतं बघितलं. डावी बाजू आतून जरा बसलीय, खळगा पडलाय. मी माप घेतलं. खरंच, टेप आणून. दोन बोटांचा फरक. अहो, सावंतबाईंचा याहून जास्त आहे! टक्स घेतला की संपलं.

मग वैशालीला म्हटलं, जुना रिपोर्ट काढ. यात कुठे लिहिलंय की साफ नाही? मला दाखव. तिने बोट ठेवलं. इंग्रजी शब्द. पॉझिटिव्ह म्हणे. या धंद्यात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे साफ. उलटा कारभार. मी म्हटलं, मला दोन्हींचं पहिलं अक्षर शिकव, बास. वाईटाचं म्हणजे काठी आणि काठीला वर पुढे आलेलं पोट. चांगल्याचं म्हणजे दोन काठ्या आणि मधे एक तिरकी. शिवणीसारखीच, वरून खाली तिरका टाका. वहीच्या मागच्या पानावर वीस वेळा काढलं. जवळजवळ सगळी तिरकीवाली. पोटवाली एकदाच.

या वेळी नितीनने फोनवर आधी बघून रिक्षात तोंड पाडायचं नाही. कागद माझ्या हातात. मी बघणार, मग बाकीचे.

वैशाली म्हणाली, आई, आणि पोटवाली काठी असली तर? पोरीने विचारलं हे बरं झालं. बाकी कुणी विचारत नाही, नुसते वळसे घालतात. मी म्हटलं, असली तर असली. मग खिसेवाला ब्लाउज. पहिला मी स्वतःसाठी शिवेन, लाल, झगमगीत. पण लढल्याशिवाय नाही द्यायची मी डावी बाजू. दोनदा लढून दिली असं तरी होईल.

म्हटलं खरं. मग तोंड धुऊन आले.

२७ जानेवारी, मंगळवार

शालू आणि भावोजी आज परत. आणि आज शालू गप्प! मला वाटलं ताप आलाय. खुर्चीत बसून शेंगा सोलत राहिली. भावोजी आणि हे खाली चक्कर मारायला गेले तेव्हा एकदम डोळ्याला पदर. "माझ्याच घायन झालां गो वयनी. हे म्हणत होते रिपोर्ट येवंदे, मियाच म्हटलां फोन करा, कोंबो देवन टाका. माका वाटलां फेडलां की परत येवचा नाय. तुका दोनदा कापलां ता माझ्यामुळे."

आता कळलं मला. तीन आठवडे ही बाई सगळं काढा, सगळं काढा म्हणून पाठी लागली होती, ती यासाठी. तिला वाटत होतं चूक तिची, तर ती मुळासकट निघावी.

मी म्हटलं, शालू, डोकं चालव. तुकडा कापला तेवीस डिसेंबरला. कोंबडा कापला चार जानेवारीला. माझी कड जी काय होती ती बारा दिवस आधीच डब्यात होती, दोऱ्यासकट. कोंबडा मागे जाऊन काय करणार होता?

शेंग हातात धरून विचार करत बसली. बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या कोंब्यान काय्येक केल्यान नाय?" मी म्हटलं, त्याने एकच केलं, फोटोत छान आला. हसली. नाक पुसलं आणि लगेच मूळपदावर. "शेंगो कसल्यो आणल्यास गो, अर्ध्यो पोचट!"

पुढे म्हणते, ओवीला बघू दे जरा. आणि ओवीला उशीवरून उचलून स्वतःच माझ्याजवळ ठेवली. डावीकडे. पट्टीला धक्का लागू नये म्हणून मधे हात घालून बसली. मी जरा सरकून तिला जागा दिली. ओवी तिच्या बांगड्या चोखत होती.

जाताना भावोजींनी फोन काढला. गावात दुसरा कोंबडा बघून ठेवलाय. लाल तुरा, छाती काढून उभा. मी म्हटलं, भावोजी, आधी रिपोर्ट. मी कागदावर अक्षर बघेपर्यंत कुणी फोन करायचा नाही, नारळ फोडायचा नाही, पाकळ्या लावायच्या नाहीत. त्याला म्हणावं तोवर दाणे खा. भावोजी म्हणाले, "आणि अक्षर दुसरांच असला तर?" मी म्हटलं, तर कोंबडा सुटला. कुणाचं तरी भलं होईल.

दोघं गुरुवारी परत येतो म्हणाले. रिपोर्ट गुरुवारी अकराला. शालू म्हणजे साडेनऊ.